मदत हवी आहे: पल्स ऑक्सिमीटरची अचूकता दाखवायला नुसता सहसंबंध पुरेल का?

नमस्कार मंडळी,

एमडीच्या प्रबंधासाठी बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी (सॅच्युरेशन) दाखवणाऱ्या एका नव्या पल्स ऑक्सिमीटरची तुलना मी धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी करते आहे. अतिदक्षता विभागातले २२ रुग्ण, एकूण १७६ जोड्या. रक्त काढतानाच ऑक्सिमीटरवरचा आकडा टिपला आहे. नोंदी पूर्ण झाल्या, अडलंय ते विश्लेषणात.

सहसंबंध गुणांक (दोन्ही आकडे सोबतीने किती वर-खाली होतात ते, जास्तीत जास्त १) ०.९४ आला. गाईड म्हणतात, "उत्तम आहे, लिहून टाक." मला ते पटत नाही. घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असलं तरी खऱ्या वेळेशी त्याचा सहसंबंध १ च येणार. शिवाय सॅच्युरेशन ७० पासून १०० पर्यंत असलेले रुग्ण घेतले की हा गुणांक फुगतो आणि सगळे ९५ च्या आसपास असले की तेच यंत्र वाईट दिसतं.

म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या पद्धतीने फरक काढले (ऑक्सिमीटर वजा रक्त). सरासरी फरक +१.८, प्रमाण विचलन (फरकांचा पसारा) २.६, म्हणजे ९५ टक्के फरक साधारण −३.३ ते +६.९ यांच्यात. आरएमएस चूक (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ३.२. मला सगळ्यात टोचतं ते +६.९. पडद्यावर ९३ आणि रक्तात ८६, अशा रुग्णाकडे वेळेवर कोण धावणार?

आता अडचणी. एकाच रुग्णाच्या सात-आठ नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, आणि वरचं गणित मी त्या स्वतंत्र धरून केलंय. ते कसं दुरुस्त करू?

दुसरं, निकष कोणता लावू? आयएसओ ८०६०१-२-६१ या ऑक्सिमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ७० ते १०० या पल्ल्यात आरएमएस चूक ४ टक्क्यांपर्यंत चालते. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २०१३ च्या मार्गदर्शिकेत बोटातून प्रकाश आरपार जाणाऱ्या यंत्रांसाठी ३ आहे. माझा ३.२ एकीकडे पास, दुसरीकडे नापास.

तिसऱ्या गोष्टीची मला खरी खंत आहे. यंत्र ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशावर चालतं आणि त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही तो प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलं होतं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ८८ पेक्षा कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं. आणि माझ्या फॉर्ममध्ये त्वचेच्या रंगाचा रकानाच नाही. आता काय करता येईल?

प्रतिसाद १
आधी एक विचारतो: तुमचं एबीजी मशीन (धमनीतलं रक्त तपासणारं) सॅच्युरेशन को-ऑक्सिमेट्रीने, म्हणजे रक्तातून प्रकाश सोडून थेट मोजतं, की पीओटूवरून (रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबावरून) गणिताने काढतं? गणिताने काढत असेल तर ताप, आम्लता यांमुळे तो आकडा हलतो आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्यात दिसतच नाही. मग तुम्ही यंत्राची तुलना दुसऱ्या अंदाजाशी करताय. हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद २
वारंवार घेतलेल्या नोंदींसाठी ब्लँड-ऑल्टमन यांचाच २००७ चा लेख आहे, तो वाचा. सोपा मार्ग म्हणजे मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल): रुग्णागणिक आणि एकाच रुग्णाच्या नोंदींमध्ये होणारा बदल वेगळा काढायचा, दोन्हींची बेरीज करून मर्यादा ठरवायच्या. मर्यादा थोड्या रुंदावतील, त्यांचे विश्वासांतर (खरी मर्यादा ज्या पल्ल्यात असू शकते तो) बरेच. ९० च्या खालच्या जोड्या वेगळ्या दाखवा, धोका तिथेच असतो.

निकषाबद्दल: प्रोटोकॉलमध्ये जो लिहिलाय तोच. निकाल पाहून आता सोयीचा निवडू नका. काहीच लिहिलं नसेल तर दोन्ही छापा. हे निकष नियंत्रित पद्धतीने ऑक्सिजन कमी केलेल्या निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांचे आहेत, तुमच्या रुग्णांचे हातपाय थंड असणार, हेही लिहा.

त्वचेच्या रंगाचं: घरी गेलेल्या रुग्णांचा रंग आठवणीतून भरू नका. एथिक्स कमिटीकडून दुरुस्ती मंजूर करून पुढच्या रुग्णांपासून रकाना सुरू करा.

मूळ लेखिका
दोघांचे मनापासून आभार. आत्ताच जाऊन पाहिलं. आमच्याकडे दोन मशीन आहेत, त्यातलं एकच को-ऑक्सिमेट्री करतं. कुठली तपासणी कुठल्या मशीनवर झाली ते छापील पट्टीवर आहे. आज रात्री सगळ्या १७६ पट्ट्या वेगळ्या करते आणि उद्या नवीन आकडे इथे टाकते.