पाळीतलं दुखणं: तुम्ही काय करता?

‘पाळीत दुखायचंच, सहन कर’ हे ऐकतच आपण बहुतेक जणी मोठ्या झालो. पहिल्या दिवशी काम कसं निभावता, गोळी घेता का, व्यायाम चालू ठेवता का? स्वतः केलेलंच लिहा, फॉरवर्ड आलेले काढे नकोत. पुरुषांनीही लिहायला हरकत नाही.

रातपाळी
मी नर्स आहे. दुखणं पार शिगेला पोचेपर्यंत मुली दात आवळून बसतात, मग गोळी घेतात आणि म्हणतात, ‘सिस्टर, गोळी लागूच पडत नाही.’ गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने स्नायू आवळतात आणि पेटके येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ते तयार होणंच कमी करतं. म्हणून दुखायला लागल्याबरोबर घ्यायची, तीही खाऊन. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेफेनॅमिक ॲसिडच्या एका गंभीर रिॲक्शनबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने (औषधांचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था) सावधगिरीची सूचना काढली होती. रिॲक्शन दुर्मिळ आहे, पण गोळी सुरू असताना ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर बंद करून दवाखाना गाठा.

ओवा_गूळ
गरम पाण्याची पिशवी. बाकी सगळं मनाचं समाधान, माझ्या नावातल्या ओव्यासकट! पिशवीत उकळतं पाणी भरू नका, बूच लावण्याआधी हवा काढा आणि टॉवेल गुंडाळूनच ओटीपोटावर ठेवा.

गडवाट
पहिल्या दिवशी मी कुणाला गड चढायला सांगणार नाही. त्या दिवशी सतरंजीवर मार्जारासन, बालासन आणि संध्याकाळी कॉलनीत एक फेरी, बस्स. फरक पडला तो महिनाभराच्या व्यायामाने. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास व्यायामाने दुखणं कमी होऊ शकतं असं म्हटलंय. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. मला झुंबा मानवतो, बहिणीला नुसतं चालणं.

बालाघाटची
तुमचं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडं निराळंच. मी बीड जिल्ह्यात आशाताई आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईनं एक दिवस कामाला दांडी मारली की खाडा पडतो, ५०० रुपये दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंच. मग कुणीतरी सांगतं, गर्भाशयाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया मी बघते, कंबर धरून चालतात. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं यावर अहवाल दिला. आमच्या बायांना व्यायाम सांगू नका, एक दिवस बसू द्या.

निळी_छत्री
‘लग्न झालं की थांबेल’ म्हणाले. लग्न झालं, दुखणं वाढलं. दरवर्षी थोडं जास्त, पाळीत शौचालाही कळ यायची. सोनोग्राफी नॉर्मल म्हणून मला नाजूक ठरवलं. शेवटी लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, एन्डोमेट्रिओसिस निघालं; यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. वर्षागणिक दुखणं वाढत असेल, गोळीनेही उठवत नसेल, तर ‘नॉर्मल’ या एका शब्दावर घरी परत येऊ नका.

एकटा_बाबा
मुलगी तेरा वर्षांची, घरात आम्ही दोघंच. पाळीत पीटीच्या तासाला चिठ्ठी देऊन बसवावं का?

रातपाळी
दादा, ते तिलाच ठरवू द्या. काहींना पळून बरं वाटतं, काहींना नाही. दप्तरात पॅड, जास्तीची निकर आणि काहीतरी खायला असू दे. गोळी डॉक्टरांना विचारून, तिच्या वजनाप्रमाणे. शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर मात्र एकदा दाखवून आणा.