‘रिंगिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: आमच्या निसर्गमंडळाच्या अंकासाठी पक्षीसंशोधनावर लेख लिहिते आहे. अभ्यासक पक्षी जाळ्यात पकडतात, पायात क्रमांक कोरलेले हलके धातूचे कडे घालतात, वजन आणि पंखाची लांबी नोंदवतात आणि सोडून देतात. याला ‘वलयांकन’ हा शब्द वाचला आहे, पण ‘वलयांकित पक्षी’ लिहिले की प्रसिद्धीचे वलय लाभलेला नट डोळ्यांसमोर येतो. दुसरा काही शब्द आहे का?

प्रतिसाद: ताई, ‘कडे घालणे’ असेच लिहा. ‘वाळा’ कानाला गोड लागतो, पण तो दागिना झाला. ‘कडे’ म्हटले की पायातली वस्तू दिसते आणि ती कुणीतरी घातली आहे हेही कळते. मात्र सामान्यरूप जपून वापरा. ‘कड्यावरचा क्रमांक’ एक वेळ चालेल, पण ‘कड्यावरून ओळखलेले गिधाड’ वाचून सह्याद्रीचा कडाच आठवेल, कारण लांब चोचीची गिधाडे घरटी करतात ती कड्यावरच. तिथे ‘पायातल्या कड्यावरून’ असे लिहिलेले बरे.

लेखात थोडा इतिहासही येऊ द्या. डेन्मार्कमधले शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांकित अॅल्युमिनियमची कडी घातली, तिथून ही पद्धत शास्त्रशुद्ध झाली. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले त्यामागे एका तापाचे कारण होते. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात एक नवा ताप आढळला. गोचिडींतून पसरणारा हा आजार आपण सिंधुदुर्गात ‘माकडताप’ म्हणून ओळखतो. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला, म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी तशा गोचिडी आणतात का, हे पाहणे गरजेचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्षी पकडायला बिहारमधले मीरशिकार, म्हणजे परंपरेने पक्षी पकडणारे लोक होते. त्यांची नजर आणि हात नसते तर हे काम झाले नसते, असे मला मनापासून वाटते. त्यांचा उल्लेख लेखात जरूर करा.

प्रश्नकर्ती: खूप आभार, दादा. मग ‘रिकव्हरी’ला ‘पुनर्प्राप्ती’ लिहू का?

आणखी एक प्रतिसाद: कृपया नको. पक्षीअभ्यासक बहुतेक वेळा मेलेल्या पक्ष्याच्या पायातले कडे कुणाला तरी सापडून कळवले गेले, याला ‘रिकव्हरी’ म्हणतात. ‘पुनर्प्राप्ती’ने तो मृत्यू झाकला जातो. पक्षी जिवंत हाती लागला तर ‘पुन्हा पकडला’ आणि दुर्बिणीतून क्रमांक वाचला तर ‘पुन्हा दिसला’ असे लिहावे. हा फरक वाचकापर्यंत पोचलाच पाहिजे, कारण तिन्हींतून मिळणारी माहिती वेगळी असते. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरची ‘विज्डम’ ही अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची मादी घ्या. पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये तिच्या पायात कडे घातले होते. २००२ मध्ये त्यांनीच तिला पुन्हा पकडले, आणि जुन्या नोंदी मागे मागे तपासत गेल्यावर ती तीच असल्याचे कळले. दरम्यान झिजलेली कडी वेळोवेळी बदलली होती. नोंदींची ती साखळी तुटली असती, तर हा पक्षी इतकी वर्षे जगतो हे समजलेच नसते. २०२४ च्या अखेरीस, सत्तरी ओलांडलेल्या या मादीने पुन्हा अंडे घातले!

प्रतिसाद: एक भर घालतो. उपग्रहाला ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राला ‘कडे’ म्हणू नका. ‘टॅग’ शब्द रुळला आहे, तोच ठेवा आणि ‘टॅग बसवला’ असे लिहा. कड्यावरून ते कुठे घातले आणि पक्षी कुठे सापडला, एवढेच कळते. मधली वाट आपण अंदाजाने जोडतो. टॅगमुळे ती वाट दिसते. २०२२ मध्ये गॉडविट या किनारी पक्ष्याचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस न उतरता उडाले, हे टॅगमुळेच कळले. पण टॅगचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा दंडक आहे, त्यामुळे वटवट्यासारख्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी आजही कडेच कामी येते. लेखात दोन्ही शब्द लागतील.