विषय: नेरुळचं रो हाउस पाडून नवीन बांधावं का? खर्चाचा अंदाज हवाय

नमस्कार मंडळी,

नेरुळला आमचं सिडकोचं रो हाउस आहे, तळमजला आणि वर एक मजला, आई-बाबा दोघंच राहतात, दोघांचीही सत्तरी उलटलीय. मागच्या पावसाळ्यात वरच्या बाथरूमखालचं छताचं प्लास्टर पडलं, आईने व्हिडिओ पाठवला त्यात सळया उघड्या दिसतायत आणि गंजाचे पापुद्रे बोटाने निघतायत. धाकटा भाऊ म्हणतो रिपेअर करून घेऊ, माझ्या मनात आहे की एकदाचं पाडून जी प्लस टू (तळमजला आणि वर दोन मजले) बांधावं, खाली आई-बाबा, वर आम्ही सुट्टीत येऊ तेव्हा, आणि पुढेमागे परत गेलोच तर कायमचं. आर्किटेक्टच्या अंदाजाने १,४०० स्क्वेअर फूट बांधकाम होईल, कॉन्ट्रॅक्टरने विथ मटेरियल २,६०० रुपये फुटाचा रेट दिलाय, म्हणजे साडेछत्तीस लाखाच्या आत-बाहेर. तेवढ्यात खरंच होतं का? ज्यांनी इथे कॅनडात बसून तिकडे बांधकाम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

स., टोरांटो

*

अगं स.,

साडेछत्तीस लाख हा आकडा आधी डोक्यातून काढ. मी इकडे यायच्या आधी ठाण्या-कळव्याच्या साइटवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, फुटाच्या रेटमध्ये सांगाडा, भिंती, प्लास्टर, फरशी, साधं प्लंबिंग-वायरिंग आणि रंग एवढंच असतं. जुनं घर पाडणं आणि राडारोडा उचलून नेणं त्यात नसतं, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटची (सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची) फी नसते, महापालिकेचे परवानगीचे पैसे नसतात, जमिनीखालची टाकी, पंप, ग्रिल, किचन, पंखे-दिवे यातलं काय धरलंय ते लेखी विचारल्याशिवाय कळत नाही. जीएसटीचंही विचार, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर १८ टक्के लागतो, रेटमध्ये धरला नसेल तर साडेसहा लाख तिथेच वाढले. आणि कोटेशन जुनं असेल तर नवीन माग, सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय. वर आई-बाबांना दीड वर्ष भाड्याने राहावं लागेल, महिना चाळीस हजार धरले तर सव्वासात लाख होतात, डिपॉझिट, दलाली आणि दोनदा सामान हलवणं वेगळंच. माझ्या हिशोबाने पंचावन्न ते साठ लाख हाताशी असतील तरच पाडायची भाषा कर.

दुसरी गोष्ट रो हाउसची. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजात चार्ल्स कोरियांनी एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटूच दिली नाही, म्हणून तिथे लोकांना आपापलं घर वाढवता आलं, पाडून पुन्हा बांधता आलं. तुमच्या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असणार, पाडताना त्यांना हादरे बसणार, पाया खणताना त्यांचा पाया उघडा पडणार. पाडायला हात लावायच्या आधी दोन्ही घरांच्या भिंतींचे फोटो शेजाऱ्यांच्या समोर काढून ठेवा, नाहीतर त्यांच्या जुन्या तड्यांचा दुरुस्तीखर्च तुमच्याच गळ्यात पडतो. आणि सॉइल टेस्टशिवाय पाया ठरवू नका, पाम बीचकडचा बराच भाग खाडीतल्या भरावावर आहे, खाली काळा चिखल निघाला तर पायाचा खर्च कुठल्या कुठे जातो.

पण माझ्या मते तुझा खरा प्रश्न पैशाचा नाही, तिथे उभं कोण राहणार हा आहे. स्लॅब टाकताना पंपाचं पाणी काँक्रीटमध्ये जास्त ओतलं जातं कारण पातळ माल पटपट पसरतो, घरचं माणूस उभं असेल तर हात आवरतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय कोडप्रमाणे निदान १० दिवस पाणी मारत राहायला हवं, स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि त्यात पाणी भरून ठेवायचं, कॉलमना गोणपाट गुंडाळून ते दिवसातून तीन-चारदा भिजवायचं. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस काढायचे नसतात, पण दुसऱ्या साइटला टेकू आणि साच्याच्या प्लेटा हव्या असल्या की आठव्या-नवव्या दिवशी हळूच निघतात. हे सगळं व्हॉट्सॲपच्या फोटोत दिसत नाही गं, फोटोत ओला स्लॅब चकचकीत छानच दिसतो. तुझे बाबा या वयात बांबूच्या शिडीने दुसऱ्या मजल्यावर चढणार आहेत का? भाऊ तिथे असेल आणि रोज सकाळी ऑफिसआधी तासभर देणार असेल तर बांध. नसेल तर पगारी साइट इंजिनिअर ठेव, कॉन्ट्रॅक्टरचा नाही, तुमचा स्वतःचा, त्याचाही खर्च धर.

आणि आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे घराच्या मजबुतीची इंजिनिअरकडून तपासणी. घर तीस वर्षांवरचं असेल तर महापालिकेच्या कायद्यानेच ते करायचं असतं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, सळईच्या गंजाची टेस्ट हे सगळं होऊ दे. बऱ्याचदा बाथरूमखालचाच स्लॅब गेलेला असतो आणि कॉलम ठणठणीत असतात, मग गंज काढून पॉलिमर मॉर्टर, वर वॉटरप्रूफिंग नव्याने, आणि आई-बाबांना महिना-दोन महिने भावाकडे राहावं लागेल एवढंच. कॉलमच फुटले असतील तर मात्र रिपेअरमध्ये एक रुपया घालू नका.

— मिसिसागाचे काका

*

काकांचं सगळं पटलं, मी कागदपत्रांचं लिहिते कारण आमच्या पाचपाखाडीच्या घराच्या वेळी यातच जास्त वेळ गेला.

स., घर बाबांच्या नावावर आहे ना? मग तू साठ लाख घालून बांधलंस तरी ते बाबांचंच. मृत्युपत्र नसेल तर पुढे आई, तू आणि भाऊ तिघांचा सारखा हिस्सा, पैसे कोणी घातले हे तिथे कोणी विचारत नाही. भावाशी आत्ताच बोला, सगळं नीट असतानाच बोला. बाबांना मुलांच्या नावावर करून द्यायचं असेल तर राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपयेच आहे, वर स्थानिक अधिभार आणि रजिस्ट्रेशन. पण जमीन सिडकोच्या लीजवर असेल तर सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस वेगळे, ते आधी तिथे जाऊन विचारा. लोनही त्यावरच अडतं, बाबांच्या वयाला बँक देणार नाही आणि तू मालक नसशील तर तुलाही सहसा देत नाहीत.

पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची वेळ आली तर जनरल देऊ नकोस, फक्त या घराच्या बांधकामाची स्पेशल दे, आणि ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प लावून घे, ही मुदत लोक हमखास विसरतात. बांधून झाल्यावर ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) हातात आल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही.

आणि एक, जे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. दीड वर्ष भाड्याचं घर म्हणजे आईची भाजीवाली, समोरच्या मावशी, बाबांचा सकाळचा कट्टा, ओळखीचा डॉक्टर, सगळं सुटतं. त्या वयात हे फार जड जातं. घर शोधाल तर त्याच सेक्टरमध्ये, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शोधा, पाच हजार जास्त पडले तरी चालतील.

— ठाण्याची ताई, ब्रॅम्प्टन

*

काका, ताई, खूप खूप आभार. काल भावाशी आणि बाबांशी दीड तास बोलणं झालं. विकून सीवूड्सला फ्लॅट घ्यायचं मी सुचवलं होतं, बाबांनी तो विषयच बंद केला. भाऊ पुण्याला असतो, रोज साइटवर जाणं त्याला शक्य नाही हे त्याने स्पष्टच सांगितलं, त्यामुळे या दिवाळीनंतर पाडायचं मी रद्द केलंय. आधी ऑडिट करून घेतो आहोत, कॉलम धड निघाले तर बाथरूमचा स्लॅब रिपेअर करून त्याच कामात तळमजल्यावर आई-बाबांसाठी कमोडवालं बाथरूम आणि धरायला दांडे बसवून घेऊ. कॉलम गेलेले निघाले तर काकांच्या हिशोबाने साठ लाख आणि पगारी इंजिनिअर धरून पुन्हा बसू. मृत्युपत्राचं बाबांनीच काढलं, ते पुढच्या आठवड्यात वकिलाकडे जातायत.

नेरुळ-सीवूड्स भागात कोणी अलीकडे रो हाउसचं ऑडिट करून घेतलं असेल तर मला वेगळी मेल करा, रिपोर्टमध्ये कुठल्या टेस्ट आल्या होत्या आणि फी किती घेतली एवढं कळलं तरी पुष्कळ.

स.