मुरुडकर आडनावातले मुरुड नेमके कोणते?

प्रश्न (खाडीकाठची, देवगड)

सप्रेम नमस्कार. आमचे आडनाव मुरुडकर असून निदान सहा पिढ्या आमचे घर विजयदुर्ग खाडीच्या काठी आहे. कोकणात मुरुड दोन आहेत, एक दापोली तालुक्यात हर्णैजवळ आणि दुसरे रायगड जिल्ह्यात जंजिऱ्यासमोर. यांपैकी आमचे कोणते, हे घरात कोणालाही सांगता येत नाही.

वडील गेल्यानंतर माळ्यावरची लाकडी पेटी उघडली, तेव्हा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक मोडी कागद मिळाला. घडीवर तो फाटला आहे आणि डावी बाजू कसरीने खाल्ली आहे. मोडी शिकलेल्या माझ्या भाचीने अक्षरे लावून पाहिली. एका पूर्वजाचे नाव, पुढे ‘बिन’ आणि त्याच्या वडिलांचे नाव, त्यापुढे ‘तांडेल मुरुडकर, हाली वस्ती मौजे’ एवढे स्पष्ट वाचता येते, पण गावाचे नाव जिथे असायला हवे तिथेच भोक आहे. खाली ‘सन खमस सबैन मया व अलफ’ असे लिहिले आहे. आमच्याकडे लग्नात कळंबाचे देवक बसते. आत्या एवढेच सांगते की आपण दर्याने आलो, वाटेने नाही. यावरून पुढे कसे जावे, याचे मार्गदर्शन मिळाल्यास मी आभारी राहीन.

उत्तर (मोडीवाचक, चिपळूण)

ताई, कागद जपून ठेवा आणि त्याला चिकटपट्टी मुळीच लावू नका. भाचीने वाचलेला सन बरोबर असेल, तर कागदाचा काळ निश्चित होतो. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, म्हणजे हे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, आकडे अरबी शब्दांत लिहिण्याची कालगणना) ११७५ झाले. सुहूर सन मृगापासून सुरू होत असल्याने मृग ते डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. त्या हिशेबाने आपला कागद इसवी सन १७७४-७५ चा ठरतो. खाली महिना किंवा चंद्र (म्हणजे चांद्र महिन्याची तारीख) लिहिलेला दिसला, तर नेमके कोणते वर्ष तेही सांगता येईल.

मला मात्र सनापेक्षा ‘हाली वस्ती’, म्हणजे सध्याचा मुक्काम, हे दोन शब्द मोलाचे वाटतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहणाऱ्या माणसाची ओळख लिहिताना ‘हाली’ घालण्याचे कारण सहसा नसते. लिहिणाऱ्याला हे घर बाहेरून आल्याचे ठाऊक होते, म्हणजे स्थलांतर बहुधा एकदोन पिढ्यांपूर्वीचे असावे. कर लावलेल्या आडनावांबाबत एक गोष्ट आपण सारे विसरतो. मुरुडात राहणाऱ्याला मुरुडातले शेजारी मुरुडकर म्हणत नाहीत, ते नाव गाव सोडल्यावर परक्या गावाने दिलेले असते. त्यामुळे मूळ गावच्या जुन्या कागदांत मुरुडकर शोधत बसलात, तर हाती काही लागणार नाही. तिथे आपले घराणे तांडेल या नावाने किंवा आज विसरल्या गेलेल्या तिसऱ्याच नावाने नोंदलेले असेल. तांडेल म्हणजे गलबताचा किंवा मचव्याचा मुख्य नाविक. तो हुद्दा होता, पण कोकणात हुद्द्याचे आडनाव होण्यास वेळ लागत नसे. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले आणि वेळासचे भानू फडणीस झाले, ती उदाहरणे सर्वांना माहीत आहेत.

उत्तर (निवृत्त तलाठी, दापोली)

माझा कल दापोलीच्या मुरुडाकडे आहे आणि त्याचे कारण सांगतो. आमच्या मुरुडाशेजारी हर्णै बंदर आणि समोर सुवर्णदुर्ग. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही दोन्ही आधी आंग्र्यांच्या आरमाराची ठाणी होती. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, आणि पुढे विजयदुर्गास आनंदराव धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार होते. आरमाराच्या एका ठाण्यावरचा तांडेल दुसऱ्या ठाण्यावर गेला आणि तिथेच स्थायिक झाला, असे घडणे स्वाभाविक आहे. हा पुरावा नव्हे, शोधाची दिशा आहे, हे मी मान्य करतो.

आता दफ्तराकडे वळू. उलटे चालावे, म्हणजे स्वतःपासून मागे जावे. आपल्या गावच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आजोबा, पणजोबांचे उतारे काढा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीतले कोतवाल बुक, पाहायला मागा. त्यात जन्म आणि मृत्यूच्या नोंदी असतात आणि काही ठिकाणी आडनावाऐवजी केवळ जात किंवा धंदा लिहिलेला आढळतो, म्हणून बापाच्या नावावरून ताळा घ्यावा लागतो. गाव खोतीचे असल्यास बोटखत, म्हणजे खोती गावातील जमिनी आणि कुळांची जुनी नोंदवही, अवश्य पाहा. फेरफारांत वारसनोंदी असतात, एका फेरफारात कधी कधी तीन पिढ्या सापडतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्यापूर्वी देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होते, तेव्हा एखादे जुने बाड ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयात, मिळाले नाही तर रत्नागिरीला चौकशी करावी. मी नोकरीत असताना अनेकांना पहिल्याच नकारानंतर परत जाताना पाहिले आहे. अर्जाची पोच घ्या आणि पुन्हा जा.

उत्तर (जंजिऱ्यासमोरून)

तलाठी साहेबांचा तर्क सुसंगत आहे, परंतु आमचे मुरुड इतक्या लवकर बाजूला सारू नये, अशी विनंती आहे. दर्यावर्दी घराणी इथेही होती आणि जंजिऱ्याच्या सत्ताधारी सिद्दीच्या मुलखातून बाहेर पडलेली घराणीही थोडी नाहीत. बाळाजी विश्वनाथांनी श्रीवर्धन सोडले तेही सिद्दीच्या जाचामुळेच. शिवाय जंजिरा हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते, त्यामुळे इकडचे जुने दफ्तर रत्नागिरीच्या बाडांत मिळणार नाही, ते वेगळे शोधावे लागेल.

दुसरे असे की समान आडनाव म्हणजे समान कूळ, असे धरून चालू नये. आमच्या किनाऱ्यावर पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतही आहेत, आणि दळवी, खोत, मुकादम ही कोकणी मुसलमान घरांतही आहेत. गाव किंवा हुद्दा एक, म्हणून आडनाव एक. समाजमाध्यमावर एखादे मुरुडकर भेटले आणि त्यांनी वंशावळ पाठवली, तर आनंद जरूर माना, पण ती आपल्या झाडाला लगेच जोडू नका. देवक, कुलदैवत आणि एखादी तरी लेखी नोंद जुळल्याशिवाय नाते धरू नये.

त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि गोकर्ण येथील तीर्थोपाध्यायांकडेही विचारा. त्यांच्या नामावळीत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने आपले, वडिलांचे, आजोबांचे आणि भावांचे नाव लिहिलेले असते. माझ्या पणजोबांची वळणदार सही मी तिथेच पहिल्यांदा पाहिली, घरात त्यांच्या हातचे एक अक्षरही उरलेले नव्हते. उपाध्यायांना आडनावासोबत सध्याचे गावही सांगा, कारण वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात.

उत्तर (मोडीवाचक, चिपळूण)

जंजिऱ्याच्या मित्रांचे म्हणणे मला पटते. एक प्रश्न राहिला. ताई, तुमच्या घरातून गावाबाहेरच्या कोणत्या देवाला वर्षाकाठी नारळ किंवा ओटी जाते का? ग्रामदैवत नव्या गावाचे होते, पण मागे सोडलेल्या देवाचा नारळ बायका पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर (खाडीकाठची, देवगड)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नारळाचा प्रश्न काल आत्यापुढे ठेवला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की तिची आजी नवरात्रात गावदेवीच्या ओटीखेरीज आणखी एक ओटी भरत असे, देव्हाऱ्यासमोर नव्हे तर पडवीत, उत्तरेकडे तोंड करून, आणि तो नारळ फोडत नसत, खाडीत सोडत. देवीचे नाव आजी ‘दुर्गा’ असे घेई. आजी गेल्यावर ही ओटी बंद पडली, कारण ती कशासाठी आहे हे कोणी विचारून ठेवले नव्हते.

दापोलीच्या मुरुडात दुर्गादेवीचे मोठे देऊळ आहे, हे मला माहीत आहे, परंतु दुर्गा हे नाव कोकणात अनेक गावांच्या देवीचे असल्याने एवढ्यावर मी निष्कर्ष काढणार नाही. उत्तरेला तर दोन्ही मुरुडे आहेत. पुढच्या आठवड्यात शाळेच्या रजिस्टरसाठी अर्ज देत आहे आणि शिमगा झाल्यावर आत्याला घेऊन दापोलीला जाण्याचे ठरवले आहे. कागदाच्या खालच्या कडेला महिन्यासारखी दोन अक्षरे आहेत, त्यांचे छायाचित्र उद्या दिवसाच्या उजेडात काढून येथे लावते.