गुंतवणूकदार नाही तर धंदा वाढत नाही?
वरचं हे म्हणणं मला पटत नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे काजू कारखाने बघा. काजू बी मार्च ते मे एवढ्यातच येते, म्हणून वर्षभराचा माल तेव्हाच रोखीने भरावा लागतो. चार किलो बीतून गर निघतो जेमतेम एक किलो, आणि तो विकला जातो गणपती-दिवाळीपर्यंत, कधी त्यापुढेही. या कारखानदाराला हवी असते बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि माल विकला की भरायचं असं कर्ज, वेळेवर. मालकीतला हिस्सा घेऊन दरवर्षी दुप्पट वाढ मागणारा भागीदार त्याच्या काय कामाचा? काजूची कलमं काही दरवर्षी दुप्पट धरत नाहीत! स्टार्टअपच्या शिबिरांत खेळत्या भांडवलावर, म्हणजे माल भरण्यापासून तो विकला जाईपर्यंत लागणाऱ्या पैशावर, कुणी बोलत नाही, याची मला खरी चीड आहे.