मदत हवी: क्विझ क्लबच्या टीम कशा पाडायच्या? (शनिवारच्या आत)

खाडीपलीकडे:
आमच्या कॉलेजच्या क्विझ क्लबच्या टीम पाडायच्यात आणि मीटिंगा नुसत्या भांडणात चालल्यात. दोघंतिघं एकदम स्ट्राँग आहेत त्यांना एकत्रच बसायचंय, बाकीच्यांना आपापला ग्रुप सोडायचा नाही, आणि फर्स्ट इयरची पोरं कोपऱ्यात गप्प, त्यांना कुणी विचारतच नाही. शनिवारी यादी द्यायचीय. प्लीज लवकर सांगा. चिठ्ठ्या टाका असं सांगू नका, ते करून झालंय.

पारसिक_हिल:
मुलं किती? टीम दोघांची की तिघांची? आपसात लीग खेळणार की बाहेरच्या कॉलेजांत जाणार? काहीच सांगितलेलं नाही.

ठाणे_पूर्व:
सोपंय. सगळ्यांची एक लेखी घ्या, मार्कांप्रमाणे नंबर लावा आणि नागमोडी वाटा. चार टीम असतील तर पहिले चार टीम १ ते ४ मध्ये, मग उलटं फिरायचं, पाचवा टीम ४ मध्ये, आठवा टीम १ मध्ये, नववा परत टीम १ मध्ये. १६ जण असले तर प्रत्येक टीमच्या नंबरांची बेरीज ३४ च येते, १+८+९+१६ किंवा २+७+१०+१५, करून बघा. कुणाला बोलायला जागाच राहत नाही.

पारसिक_हिल:
चौघांच्या टीमला जुळतं हो ते. तिघांची टीम झाली की फेऱ्या विषम. १८ जणांच्या सहा टीम पाडा, पहिलीला १, १२, १३ म्हणजे २६ आणि सहावीला ६, ७, १८ म्हणजे ३१. म्हणजे पहिलीला फुकटचा फायदा.

जुना_क्विझर:
टीम कशीही पाडा, आधी वाचन वाढवा. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्याला क्विझ सुरू केलं तेव्हा कुठे होतं हे नागमोडी वगैरे? १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू दिसायला लागले आणि आमच्या पिढीला वेड लागलं. रोज पेपर वाचा, वही ठेवा, ॲटलस घेऊन बसा.

खाडीपलीकडे:
काका वाचन चालूच आहे, प्रश्न टीमचा आहे 🙏
@पारसिक_हिल, २३ जण आहोत. टीम तिघांची. आधी आपसात लीग आणि त्यानंतर डिसेंबरात मूड इंडिगोला (आयआयटी मुंबईचं फेस्टिव्हल) पवईला एक टीम पाठवायची.

हार्बरवाली:
मग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भांडण तिथेच होतंय. लीगच्या टीम मिसळून पाडायच्या आणि बाहेर जाणारी टीम वेगळी निवडायची. ती निवडताना नुसते मार्क बघू नका. समजा ३० प्रश्नांत अ ला १८ आले, ब ला १७, पण त्यातले १५ दोघांनाही तेच आले, तर जोडी मिळून २० च होतात. क ला १२ च आले पण अ शी फक्त ४ सारखे, तर ही जोडी २६ वर जाते. दोघं क्रिकेटवाले शेजारी बसवून काय मिळणार? पेपर तपासताना नावापुढे मार्क न लिहिता प्रश्नवार टिक करा, एक्सेलमध्ये लगेच दिसतं.

ठाणे_पूर्व:
पण पाउन्स-बाउन्सच्या राउंडला (पाउन्स म्हणजे पाळी नसताना आधीच उत्तर लिहून देणं, बाउन्स म्हणजे प्रश्न एकीकडून पुढच्या टीमकडे जाणं) एवढं कागदावरचं चालत नाही. पाउन्स चुकला की मायनस. टीममध्ये एक जण थंड डोक्याचा लागतोच, "नको, सोड" म्हणणारा. तो लेखी पेपरात दिसणार नाही.

हार्बरवाली:
मान्य, ते लीगमध्ये दिसेल. म्हणूनच बाहेरची टीम लीगनंतर ठरवा.

जुना_क्विझर:
लेखी घेणारच असाल तर ठाण्याची पहिली रेल्वे टाका. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. आपल्या गावचा प्रश्न हवाच.

पारसिक_हिल:
तो सगळ्यांनाच येतो, त्याने कोण पुढे कोण मागे काय कळणार? त्यापेक्षा त्या गाडीच्या तीन इंजिनांची नावं विचारा.

ठाणे_पूर्व:
साहिब, सिंध, सुलतान. हेही पाठ असतं लोकांना. सिडको कधी स्थापन झाली विचारा, १७ मार्च १९७०, नेरुळला राहणाऱ्यांनासुद्धा येत नाही.

खाडीपलीकडे:
अहो टीम!! २३ ला तीनने भाग जात नाही. सात टीम तिघांच्या आणि दोघं उरतात, त्यांचं काय?

पारसिक_हिल:
लेखीत पहिले आलेले दोघं, त्यांची दोघांचीच टीम. बाकीच्या २१ जणांना सात टीममध्ये वाटा.

ठाणे_पूर्व:
म्हणजे त्या स्ट्राँगवाल्यांना हवं तेच दिलंत की.

पारसिक_हिल:
एक डोकं कमी घेऊन खेळतायत ना. शिवाय तिसरा स्ट्राँग आपोआप दुसऱ्या टीममध्ये जातो.

हार्बरवाली:
मला पटतंय. फक्त प्रत्येक तिघांत एक तरी फर्स्ट इयरचा हवा हे लेखीच्या आधीच जाहीर करा, नंतर सांगितलं तर परत भांडण. आणि बाउन्सवर उत्तर त्यालाच द्यायला लावा, नाहीतर टीममध्ये असूनही तो गप्पच बसेल.

खाडीपलीकडे:
फर्स्ट इयरचे आठ आहेत, म्हणजे बसतंय. हे सगळं ग्रुपवर आजच टाकते आणि शुक्रवारी लेखी घेते. पण आम्ही सगळेच खेळणार, मग पेपर काढणार कोण?

ठाणे_पूर्व:
विषय कळवा, गुरुवार रात्रीपर्यंत ३० प्रश्न मी पाठवतो. सिडकोचा आता बाद, इथे सगळ्यांनी वाचला.