मदत हवी आहे: पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाशीला पट्टे का कळत नाहीत?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी फळमाश्या पाळल्या आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं नळकांडं भोवती फिरवलं की लाल डोळ्यांची माशी लगेच पट्टे फिरतात त्या दिशेने वळते. पांढऱ्या डोळ्यांची, म्हणजे १९१० मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गनला सापडलेल्या वाणाची, नुसती इकडेतिकडे भटकत राहते.

माझी समजूत अशी: एका डोळ्यात साधारण ७५० ते ८०० ओमॅटिडिया (संयुक्त डोळ्याचे छोटे छोटे घटक), आणि प्रत्येकाभोवती रंगपेशींचं कुंपण. या पेशी तिरका येणारा उजेड शोषून घेतात. रंगद्रव्यच नसलं की उजेड शेजारच्या ओमॅटिडियात झिरपतो आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. (लाल उजेड तेवढा या पेशींतून पार जातो आणि तोच वापरलेलं रोडॉप्सिन (डोळ्यातलं उजेड टिपणारं द्रव्य) पुन्हा कामाला लावतो, हे वाचून मी थक्क झाले.)

पण व्हाइट जनुक (जे बिघडल्यामुळे या माशीचे डोळे पांढरे होतात) मेंदूतही काम करतं. मग दोष डोळ्याचा की मेंदूचा? सिनाबार आणि ब्राउन या डोळ्याच्या रंगाच्या दुसऱ्या दोन जनुकांतली उत्परिवर्तनं एकत्र आली तरी डोळे पांढरे होतात, व्हाइट मात्र शाबूत राहतं; म्हणून त्या माश्यांशी तुलना करून पाहायची आहे. तो वाण कुणाकडे मिळेल का? आणि नळकांड्यात उजेड किती ठेवावा? पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगा.